निंबाखालची जागा

५ मार्च २०२५, बुधवार

आजचं मूल्य : नम्रता.

तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा अक्षर इतकं सुरेख आलं की पाच मिनिटं स्वतःवरच खूश होऊन बसलो. म्हणजे नम्रतेची पहिल्याच पानावर वाट लागली!

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत प्रत्येक पाळकानं रोज एक आध्यात्मिक मूल्य लिहायचं, ते रोजच्या जगण्यात कुठं दिसलं तेही लिहायचं — अधीक्षकसाहेबांचा आदेश. वही कोणाला दाखवायची नाही म्हणाले. ते बरं झालं. नाहीतर मी प्रत्येक पानावर साधूच निघालो असतो.

माझी बायको सुचिता म्हणाली, "घरात दिसलं का एखादं मूल्य? दिसलं तर त्याले सांगा, गॅसवर दूध हाय."

दूध उतू गेलं होतं.

७ मार्च, शुक्रवार

मूल्य : सेवा.

संध्याकाळी सहाची वेळ मी तिघांना देऊन बसलो होतो. एकाच्या शेतात नव्या बोअरची प्रार्थना, एकाच्या घरी बाळाची प्रार्थना आणि जेवण, आणि सुचिताला दळण आणून देतो म्हणालो होतो. बोअर गाठली. अडीचशे फुटांवर नुसता फुफाटा. मी प्रार्थना लांबवली, तरी फुफाटाच. बाळाकडे पोहोचलो तर बाळ झोपलेलं, पाहुणे हात धुऊन सुपारी चघळत बसलेले. गिरणी बंद. आमच्याकडे भात.

"तुमचं 'हो' लवकर पोचते," सुचिता म्हणाली, "अन् तुम्ही उशिरा."

९ मार्च, रविवार

उपासनेत जाहीर केलं — ईस्टरची पहाटेची उपासना दरवर्षीप्रमाणे कब्रस्तानात. त्याआधी बावीस तारखेला साफसफाई. सगळ्यांनी झाडू घेऊन यायचं, आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावायचा.

दारात कौशल्याबाईंनी गाठलं. मिशनच्या दवाखान्यातल्या रिटायर नर्स. वय एकोणऐंशी. अर्ध्या मंडळीला आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन यांनीच दिलेलं, त्यामुळं पन्नाशीचे बाप्येसुद्धा यांच्यासमोर पाठ भिंतीला लावून उभे राहतात.

"पाळकसायेब, यायच्या कबरीले चुना तर लावीनच. पण बाजूची माही जागा हाय ना, तिले बी दगडाची चौकट करून घेते."

"हो हो, करा की!"

घरी येऊन जेवायला बसलो तर पंजाबराव हजर. वीज बोर्डातले रिटायर लाईनमन, मंडळीचे पंच, वय ब्याऐंशी. "सायेब, ते निंबाखालची माही जागा. कोणी जनावर बसते तठी. भोवताल तार मारून घेऊ का?"

तोंडात घास होता. मी मान हलवली. हो.

घास गिळला आणि डोक्यात प्रकाश पडला. बाप्पा! जागा तर एकच आहे!

१० मार्च, सोमवार

नीट लिहून काढतो, म्हणजे मलाच कळेल मी काय करून बसलो ते.

कब्रस्तानात झाड एकच, कोपऱ्यातला निंब. त्याच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला विहिरीची वाट. सावलीत कबरी मावतात दोन. एकीत कौशल्याबाईंचे यजमान शमुवेलराव आहेत. उरली एक.

दोन वर्षांपूर्वी शमुवेलरावांना माती दिली तेव्हा बाईंनी माझा दंड धरला होता — "मले यायच्याच बाजूले ठेवसान ना?" मी हो म्हणालो. अशा वेळी नाही कोण म्हणेल?

मागच्या मे महिन्यात दुसऱ्या कोणाची तरी माती होती. पंचेचाळीस डिग्री. पंजाबराव छत्रीखाली घाम पुसत म्हणाले, "सायेब, चाळीस वर्षं खांबावर उन्हात लटकलो. मेल्यावर तरी सावली पाह्यजे. निंबाखाली ठेवा मले." त्या उन्हात कोणी माझं धोतर मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. मी धोतर नेसत नाही, ही गोष्ट वेगळी.

कागदावर काहीच नाही. आमच्या कब्रस्तानाचं रजिस्टर नाही, कधी नव्हतंच. इथं जागा पाळकाच्या शब्दावर मिळते. आणि पाळकानं शब्द दोघांना दिला!

मूल्य लिहायचं राहिलं.

१२ मार्च, बुधवार

मूल्य : सत्य. आज दोघांनाही सांगून टाकायचं ठरवून निघालो.

कौशल्याबाई म्हणाल्या, "बसा. पयले जेवा." अंबाडीची भाजी, वरून लसणाच्या फोडणीचं तेल, ज्वारीची गरम भाकर. दुसऱ्या भाकरीला मी तोंड उघडलं तर बाईच बोलायला लागल्या. शमुवेलरावांना म्हणे झोपेत तीन-तीनदा जाग यायची. "हाक मारे मले. 'कौसा, हायेस का?' मी म्हणो, हावं जी, हाय. की झोपे लगेच. आता दोन वर्षं झाली पाळकसायेब. हाक मारत असन, अन् कोणी हाव म्हणत नसन."

मी तिसरी भाकर घेतली. काय करणार?

तिथून पंजाबरावांकडे. त्यांनी गूळ-फुटाणे पुढं केले आणि मानेवरची कातडी दाखवली, उन्हानं काळी पडून सुरकुतलेली. बायको पुण्याला मुलाकडे गेली होती, तिकडेच वारली, तिकडेच पुरली. "माह्या बाजूले कोणी नाही सायेब इथी. मंग सावली तरी असू द्या मले."

मी फुटाणे खाल्ले. सत्य दोन्ही घरी पोटातच राहिलं. घरी येताना हातात अंबाडीचा डबा होता.

१६ मार्च, रविवार

आजचा पाठ नेमका खरं बोलण्यावर निघाला! चाळीस मिनिटं संदेश दिला. पंजाबराव पहिल्या बाकावरून दाद देत होते. नंतर हात धरून म्हणाले, "सायेब, असं वाटलं, तुम्ही स्वतःवरच बोलून राह्यले."

२२ मार्च, शनिवार

व्हायचं ते झालं.

सकाळी साडेसातला सगळी मंडळी कब्रस्तानात. झाडू, घमेली, चुन्याच्या बादल्या. नजीरची ऑटो आली, तिच्यातून कौशल्याबाई आणि त्यांचे दगड उतरले. ऑटो परत गेली, अर्ध्या तासानं पुन्हा आली, तिच्यातून पंजाबराव, तारेचं भेंडोळं आणि चार लोखंडी अँगल उतरले. नजीर बिचारा दोन्ही सामान एकाच ठिकाणी रचून मोकळा झाला. "मले वाटलं एकच ठेका हाय," तो नंतर म्हणाला.

"हे दगड कोनाचे?"

"माहे."

"माह्या जागेत?"

"तुमची जागा?" कौशल्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुमची जागा खांबावर!"

"वयनी, तोंड सांभाळून! मले पाळकसायेबानं शब्द देला हाय."

"मले बी पाळकसायेबानंच देला!"

आणि दोघं माझ्याकडे वळले. दोघंच नाही, चाळीस माणसं वळली. झाडू थांबले. चुन्याच्या बादलीतले हात थांबले.

मी म्हणालो, "रजिस्टर पाहावं लागेल."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं, देव जाणे! देव खरंच जाणतो, तीच तर भीती आहे.

सगळ्यांचं समाधान झालं. रजिस्टर म्हटलं की लोक शांत होतात. फक्त सुचिता माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "कोणतं रजिस्टर?"

"असंच."

"पाळक आहात तुम्ही."

एवढंच म्हणाली. मला त्यापेक्षा लाटणं परवडलं असतं.

२३ मार्च, रविवार

मंडळीत फूट! उजवीकडच्या बाकांवर नवरावाले, डावीकडे सावलीवाले. पेटीवाला नवरावाला, तबलजी सावलीवाला. एकमेकांकडे न बघता वाजवलं. पेटीचं गाणं संपलं तेव्हा तबल्याचं एक कडवं बाकी होतं. तबलजीनं ते पूर्ण केलं, एकट्यानं, मान ताठ ठेवून.

मूल्य : ऐक्य. (लिहिताना हसू आलं. देवा, माफ कर.)

२५ मार्च, मंगळवार

मला तोडगा सुचला! दोघांना घरी बोलावलं. सुचितानं चहा केला. मी समजावलं — जागा एक असली तरी खोल खणता येते. जो पहिला जाईल तो खाली, दुसरा नंतर वर. बऱ्याच कुटुंबांत असंच करतात. दोघांचीही सोय!

कौशल्याबाई कप ठेवून उभ्याच राहिल्या. "परक्या मानसाच्या वर? अन् बाजूले हे पाहून राह्यले? माय वो! काय म्हनतीन मले?"

पंजाबराव त्याहून तापले. "अन् मी पयले गेलो तर खाली? जल्मभर वर काम केलं मी!"

दोघं एकाच दारातून एकाच वेळी निघायला गेले, अडकले, आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटलं.

२८ मार्च, शुक्रवार

नजीरनं खबर आणली. मी चक्की नाक्यावर उभा होतो, त्यानं ऑटो थांबवली.

"पाळकसाब, रजिस्टर गया तेल लेने. दोघायच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. जो पयले जाईन, त्याले तर पुरावंच लागन ना? मंग जागा त्याची. पुरल्यावर काढता थोडी येते."

बरोबर होतं. मग मी विचारलं, म्हणजे आता दोघंही मरायची घाई करणार की काय?

"नाही ना! मरायचं कोनालेच नाही. पन दुसऱ्याले पयले मरू द्यायचं नाही. आज सकाळी बाईले सोडलं मी पंजाबरावच्या घरी. बीपीची मशीन घेऊन गेल्या. दम देला त्यायले. 'हात काढा बाहेर, लोनचं किती खाता?'"

मी रस्त्यातच खाली बसलो हसत हसत. मग आठवलं, हे माझ्यामुळं चाललंय. उठलो.

३१ मार्च, सोमवार

ईद. नजीरच्या घरी गेलो तर दोघं आधीच तिथं बसलेले. एका पलंगावर, मध्ये एक उशी. पंजाबरावांनी शीरखुर्म्याची दुसरी वाटी घेतली तशी बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "शुगर हाय तुम्हाले!"

"तुम्हाले कोनं सांगतलं?"

"मीच तर तपासली परवा!"

नजीरची आई अमीरबी पदराआड हसायला लागली. "ये दोनों कब से मियाँ-बीवी जैसे लड़ने लगे?"

दोघांनी एकदम उशी मध्ये नीट उभी केली.

५ एप्रिल, शनिवार

पंजाबराव कौशल्याबाईंच्या खिडकीवर चढलेले दिसले! ब्याऐंशीचा माणूस, स्टुलावर, तोंडात पेचकस. बाईंच्या कूलरची मोटर जळाली होती. खाली बाई स्टूल धरून उभ्या आणि ओरडत होत्या — "पडसान! उतरा! पडून मेले तर माह्या जागेत जासान तुम्ही!"

"अन् कूलरबिगर ऊन लागून तुम्ही गेल्या तर? गप उभ्या राहा, मोटर बसवू द्या!"

वाळ्याच्या ताट्यासुद्धा नव्या आणल्या होत्या त्यांनी. बाईंनी नंतर त्यांना ताक दिलं, बिनमिठाचं. पंजाबराव ते औषधासारखं प्याले.

मूल्य काय लिहू? शेजाऱ्यावर प्रीती म्हणावी तर हेतू वाईट, आणि वाईट म्हणावं तर कूलर चालू झाला. मला आठ वर्षांत संदेश देऊन जे जमलं नाही ते एका खोट्या रजिस्टरानं जमवलं. हा विचार पाळकाला शोभत नाही. पण आला.

९ एप्रिल, बुधवार

पंचांनी विचारलं, रजिस्टरचं काय झालं? मी सांगितलं, अधीक्षकांकडे पाठवलंय.

एका खोट्याला दुसरं जोडीला आलं. आता तिसरं यायच्या आत काहीतरी करायला हवं. दुपारी अधीक्षकसाहेबांचा फोन — "वही कशी चाललीय?" मी म्हणालो, "मूल्यं भरपूर मिळताहेत साहेब."

हे तिसरं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झावळ्यांची फेरी निघाली नऊला. नऊलाच डांबर मऊ झालं होतं. बस स्टँडच्या वळणावर कौशल्याबाईंच्या हातातली झावळी पडली आणि मागोमाग बाई. गाणं थांबलं. बायका ओरडल्या.

सगळ्यांच्या आधी पंजाबराव धावले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं! छत्री उघडून त्यांच्या तोंडावर धरली, स्वतः उन्हात गुडघे टेकून बसले, आणि मोठ्यानं रडायला लागले — "वयनी, मरू नका वो! वयनी! घ्या ती जागा, तुमचीच हाय, पन मरू नका! मले रोज बीपी मोजायले कोन येईन?"

बाईंनी एक डोळा उघडला. "मेले नाही मी. चक्कर हाय. पानी द्या अगोदर, मंग रडा."

लोक हसले. पंजाबरावांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगायला लागले की छत्रीतून ऊन येत होतं डोळ्यांवर. मी मात्र हसू शकलो नाही. बाई खरंच गेल्या असत्या तर? तर मी त्यांना दिलेला खरा शब्द आणि पंजाबरावांना दिलेला खोटा शब्द, दोन्ही घेऊन उभा राहिलो असतो खड्ड्याशी.

आता सांगायचंच. ईस्टरला. सगळ्यांसमोर.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. पाच वेळा वाटलं आत्ताच सांगून टाकावं. पाचही वेळा खोकलो. सुचितानं शेवटी खोकल्याची गोळी पुढं पाठवली.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे साडेपाच. कब्रस्तान. सगळ्या कबरी चुन्यानं पांढऱ्याफेक, प्रत्येकीवर मेणबत्ती. सातपुड्याकडून थोडा वारा होता. मी पुनरुत्थानाची घोषणा केली, लोकांनी उत्तर दिलं, आणि मग मी म्हणालो, मला एक सांगायचंय.

"रजिस्टर नाही. कधीच नव्हतं. अधीक्षकांकडेही पाठवलं नाही. मी खोटं बोललो. निंबाखालची जागा मी दोघांना दिली, कारण समोरच्याचं तोंड उतरलेलं मला पाहवत नाही. त्याला मी प्रेम म्हणत होतो. ते भित्रेपण होतं. शब्द आधी कौशल्याबाईंना दिला होता. जागा त्यांची आहे. पंजाबराव, तुम्हाला मी फसवलं. मला माफ करा."

पंजाबराव गेले, निंबाखाली पडलेले आपले अँगल एकेक करून उचलले, तारेचं भेंडोळं ओढलं. जड होतं. कौशल्याबाई उठल्या आणि भेंडोळ्याचं दुसरं टोक धरलं. दोघं माझ्याकडे न बघता फाटकाकडे गेले.

मला हलकं वाटलं. आणि फार वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

२६ एप्रिल, शनिवार

दोघं आले, सोबत, एकाच ऑटोत. मला वाटलं माफ करायला. पंजाबरावांनी कागद दिला. माझ्याविरुद्धची तक्रार! अधीक्षकांना. खाली दोघांच्या सह्या.

"मूळ प्रत पोस्टात टाकली. हे तुमच्या माहितीस्तव," पंजाबराव म्हणाले. सरकारी नोकरी केलेला माणूस.

वाचली. 'सदर पाळक स्वभावाने गोड आहेत परंतु त्यांच्या होकारावर भरवसा ठेवता येत नाही. चार आठवडे अस्तित्वात नसलेल्या रजिस्टरच्या नावाखाली दोन ज्येष्ठ सभासदांना झुलवत ठेवले. तरी योग्य ती कारवाई व्हावी.' शुद्धलेखन बाईंनी तपासलेलं, लाल शाईनं.

सगळं खरं होतं. मी चहा विचारला. ते हो म्हणाले. बाईंनी पंजाबरावांच्या कपातली साखर चमच्यानं बाहेर काढली. जागेचा निकाल लागला तरी बीपी मोजणं चालूच आहे म्हणे. नजीरनं 'काऊन?' म्हणून कारण विचारलं, तर म्हणाल्या, सवय लागली.

१५ मे, गुरुवार

बदली. बीबी गावाला. जिल्ह्याच्या या टोकावरून थेट त्या टोकाला. जूनच्या पहिल्या रविवारी तिथं उभं राहायचं.

सुचितानं पत्र दोनदा वाचलं आणि माळ्यावरचे खोके काढले. आमची सातवी बदली. खोके तेच आहेत.

१६ मे, शुक्रवार

दोघं धावत आले. म्हणजे बाई धावत, पंजाबराव धापा टाकत.

"बदली कोनं मांगतली वो?" कौशल्याबाईंनी पंजाबरावांनाच धरलं. "समज द्या असं लिहा म्हनलं होतं मी!"

"लिव्हलं ना! 'योग्य ती कारवाई'. सरकारी कागदावर तसंच लिव्हतात!"

"सरकारी! हे देवाचं काम हाय की वीज बोर्डाचं?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, तुमची चूक नाही, चूक माझीच होती, आणि पाळकाची बदली व्हायचीच. मग ते बसले. एकदम पंजाबरावांनी विचारलं, "सायेब, तुमची जागा कोठी हाय?"

"कसली जागा?"

"मेल्यावरची."

मी विचार केला. वडीलही पाळकच, नोकरीत असतानाच गेले, त्या गावात पुरले. तिथं आता ओळखीचं कोणी नाही. आई माझ्या तिसऱ्या बदलीच्या गावी गेली, ती तिकडे. मी म्हणालो, "आम्हाला गाव नसतं पंजाबराव. जिथं नोकरी तिथं घर, जिथं मरण येईल तिथं माती."

"अन् सुचिताबाईले?"

"तिचंही तेच."

सुचिता कप उचलत होती. ती आत निघून गेली. हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. मला लाज वाटली, खरंच लाज वाटली.

२५ मे, रविवार

निरोपाची उपासना. नवरावाले आणि सावलीवाले मिसळून बसले, कोण कोणाचं ते आता त्यांनाही आठवत नसावं. पेटी आणि तबला एकदम संपले. रडू आवरलं नाही मला.

नंतर पंजाबराव टेप घेऊन आले. "सायेब, उंची किती तुमची?" मोजली. मला वाटलं निरोपाचा सफारी शिवताहेत. मग म्हणाले, "अन् सुचिताबाईची?"

"साडीला उंची कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही लय प्रश्न विचारता," म्हणाले आणि गेले.

सफारी राखाडी असावा. मला राखाडी शोभतो.

३१ मे, शनिवार

सकाळी ट्रक भरायच्या आधी नजीर आम्हाला कब्रस्तानात घेऊन गेला. निंबाखाली शमुवेलरावांच्या बाजूला नवी चौकट, ताजा चुना. पत्र्याची पाटी : 'राखीव. पाळकसाहेब व बाई.' खाली दोघांच्या सह्या. कौशल्याबाई म्हणाल्या, "मी यायच्या पायापाशी जाते. तठून बी हाक ऐकू येते." पंजाबरावांनी भिंतीशी आपल्यासाठी वीतभर निंब लावलाय, तो मोठा होईपर्यंत मरणार नाहीत म्हणे. आणि आमचं काही झालं तर बीबीहून फक्त फोन करायचा, नजीर गाडी घेऊन येईल.

"दोघायची सोय केली, खोल," पंजाबराव म्हणाले. "जो पयले जाईन तो खाली."

सुचितानं पाटीवरची धूळ पदरानं पुसली. म्हणाली, "मग खाली मी."

मी म्हणालो, "नाही."